डॉक्टरसाहेब, तुम्ही तरी फिट आहात ना?

मा. डॉक्टरसाहेब,
कारखाना वैद्यकीय अधिकारी (मानधनावर),
रासायनिक विभाग, एमआयडीसी.



पत्रावर तुमचं नाव घातलेलं नाही, कारखान्याचंही नाही. रोहा, महाड, लोटे-परशुराम, तारापूर, अंबरनाथ, पाताळगंगा, कुठेही हे पत्र वाचलं गेलं तरी तिथल्या डॉक्टरांना ते शेजारच्या प्लॉटवरच्या डॉक्टरांसाठी आहे असंच वाटेल. तेवढी सोय मुद्दाम ठेवली आहे.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. भरपाईचा दावा लावायला आलेल्या कामगारांचे कागद तारखेप्रमाणे लावून द्यायचे, एवढंच माझं काम. त्यामुळे तुमचं अक्षर मला तुमच्या कंपाउंडरपेक्षा बरं लागतं, आणि तुमच्याविषयीचा माझा आदर पूर्णपणे कागदोपत्री आहे.

सर्वप्रथम अभिनंदन. सहामाही तपासणीच्या दिवशी तुम्ही दीड तासात साठ माणसं हातावेगळी करता. माणशी दीड मिनिट. त्यात वजन, रक्तदाब, जीभ, ‘श्वास घे, सोड’, भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं आणि शेवटी शिक्का. शिवाय साठच्या साठ माणसं निरोगी निघतात. नायट्रेशनवाले, क्लोरिनेशनवाले, ड्रम धुणारे, टाकीत उतरून गाळ उपसणारे, सगळे ठणठणीत. आमच्या गावच्या शाळेत साठ पोरं तपासली तर पाच-सहा तरी किडक्या दातांची निघतात. तुमच्या कारखान्यात दातसुद्धा किडत नाहीत. हवा चांगली असावी.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. कामधंद्यातून होणाऱ्या रोगांवर त्यांनी १७०० साली एक ग्रंथ लिहिला. औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता, त्या सालची गोष्ट. रोग्याला काय विचारायचं त्याची वैद्यांची जुनी यादी होती. तिच्यात रामाझ्झिनींनी एका प्रश्नाची भर घातली. तू काम काय करतोस? तुमच्या केसपेपरवर हा प्रश्न छापूनच येतो. ‘व्यवसाय’ असा रकाना आहे. त्यात तुम्ही ‘सर्व्हिस’ असं लिहिता. बेंझीनचे ड्रम रिकामे करणारा सर्व्हिस, अकाउंट्समधले कारकून सर्व्हिस, गेटवरचा वॉचमन सर्व्हिस. इतकी समता तर संतांनाही साधली नव्हती.

तुमचाच एक कागद तुम्हाला दाखवतो. खरं तर पाच कागद. माणसाचं नाव नको. सॉल्व्हंट रिकव्हरीवरचा ऑपरेटर, वय ५०. दर सहा महिन्यांनी रक्त तपासलेलं आहे, याबद्दल व्यवस्थापनाचे आभार. पांढऱ्या पेशी पहिल्या खेपेला ७,८००. मग ६,३००. मग ५,१००. मग ४,२००. लॅबच्या छापील रकान्यात ४,००० ते ११,००० म्हणजे नॉर्मल. म्हणून चारही कागदांवर तुमचा शिक्का, फिट. एकेक कागद सुटा बघितला तर ब्रह्मदेवालाही खोट काढता येणार नाही. चारही शेजारी-शेजारी ठेवले तर चौथीतलं पोरगंही सांगेल की आकडा उतरतोय. हे कागद असे शेजारी-शेजारी यावेत म्हणूनच कायद्याने प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद ठेवायला लावली आहे. ती ठेवायची तुम्ही, वाचायचीही तुम्हीच. पण दीड मिनिटात मागचं पान उलटायला वेळ कुठून आणायचा?

पाचव्या खेपेला पेशी आल्या २,९००. हिमोग्लोबिन साडेसात, प्लेटलेट्सही खाली. इथे मात्र तुम्ही तत्परता दाखवलीत. लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि खाली लिहिलंत, ‘पालेभाज्या खाणे.’

बेंझीन हाडांतल्या मज्जेवर बसतं, हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे आईला आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखं आहे. रक्त जिथे तयार होतं तो कारखानाच ते हळूहळू बंद पाडतं. पुढे कुणाची मज्जा सुकते, कुणाला रक्ताचा कर्करोग होतो. इस्तंबूलच्या मुझफ्फर अक्सॉय या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात तिथल्या चपला-बूट बनवणाऱ्या कारागिरांमध्ये हे दाखवून दिलं. त्यांच्या चिकटवायच्या द्रावणात बेंझीन होतं. अक्सॉय यांच्याकडे काही दिव्यदृष्टी नव्हती. त्यांनी रोग्यांचा धंदा विचारला होता. आपला ऑपरेटर पाळी सुटताना हाताला लागलेला चिकटा त्याच सॉल्व्हंटने धुवायचा, कारण साबणाने तो निघत नाही. हे त्याने मला पहिल्या भेटीत सांगितलं, मी विचारायच्या आत. तुम्हालाही सांगितलं असतं. कामगार फार बोलतात, साहेब. त्यांना फक्त स्टूलवर बसू द्यावं लागतं.

आता गुळाकडे वळू. धुळीच्या आणि उग्र वासाच्या प्लांटवर गूळ वाटायची आपल्याकडे जुनी रीत आहे. गूळ खाल्ला की छातीतली घाण खाली बसते, असा समज. हा समज मुळात कामगारांचा की व्यवस्थापनाचा, ते सांगता यायचं नाही. पण तुमच्या खोलीच्या दारात गुळाची परात ठेवली जाते, म्हणजे आता त्याला एमबीबीएस पदवीचा टेकू आहे. मास्कची कार्ट्रिज संपली की नवी घालावी लागते, तिला पैसे पडतात, आणि ती संपली हे कामगाराला वासावरून कळतं, म्हणजे वास आत गेल्यावर. गुळाचं तसं काही नाही. गूळ संपला तर ढेप फोडायची. मज्जेवर गूळ कसा चालतो याबद्दल तुम्ही एखाद्या वैद्यकीय परिषदेत निबंध का वाचत नाही, याचं मला कोडं पडतं.

रात्रपाळीला लाईनचा गॅस्केट गेला आणि नायट्रोबेंझीन अंगावर उडालं तेव्हाचा कागदही माझ्याकडे आहे. पहाटेपर्यंत पोराचे ओठ आणि नखं निळी पडली. ते कातडीतून आत गेलं की हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं सोडून देतं, आणि त्यावरचं औषध मिथिलीन ब्ल्यू हा स्वतःच एक रंग आहे. रंगाच्या धंद्यातल्या लोकांना ही गंमत आवडायला हवी. तर ते औषध तुमच्या कपाटात नव्हतं. मुकादमाने पोराला मोटरसायकलवर बसवून गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथून कागद आला ‘ॲसिडिटी’. हजेरीपटावर त्या दिवशीची रजा लागली ‘घरगुती कामासाठी’. शुक्रवारी तुम्ही आलात आणि दोन्ही कागदांवर सही केलीत. ओठ तोवर पुन्हा लाल झाले होते.

एक रकाना मात्र तुम्ही आयुष्यात कधी रिकामा सोडला नाहीत. व्यसनाचा. ‘बिडी, रोज एक बंडल, १८ वर्षं.’ ‘तंबाखू, दिवसातून चार वेळा.’ केवढा बारकावा! कुठल्या प्लांटवर, कुठल्या रसायनात, किती वर्षं, हे लिहायला जागा पुरली नाही. बिडीचं बंडल मात्र मोजून लिहिलेलं. पुढे मूत्राशयाचा कर्करोग निघाला की कंपनीचे वकील हाच रकाना खणखणीत आवाजात वाचून दाखवतात. धूम्रपानाने मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे खरंच आहे. ऑर्थो-टोल्युडीननेही होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलेलं आहे, तंबाखूच्या पंगतीला. फरक एवढाच, की बिडी माणूस स्वतःच्या पैशाने ओढतो आणि टोल्युडीन त्याला पगार देऊन हुंगवलं जातं.

तुमच्या सहीवर नेमकं काय अडतं, ते एकदा मांडायला हवं, कारण तुम्ही भेटलात की म्हणता, ‘मी साधा डॉक्टर, भरपाईशी माझा काय संबंध?’

१९२३चा कर्मचारी भरपाई कायदा हा इंग्रजांच्या काळातला असला तरी या बाबतीत कामगाराच्या बाजूने झुकलेला होता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत धंद्यातल्या रोगांची यादी होती. शिसं, पारा, क्रोमियम, अर्सेनिक, बेंझीन आणि त्याचे नायट्रो व अमिनो भाऊबंद, मूत्राशयाचा कर्करोगसुद्धा. त्या यादीच्या दुसऱ्या भागातला रोग, आणि त्या कामात सलग सहा महिने, एवढं जुळलं की तो रोग म्हणजे कामावर झालेला अपघातच, असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. गरिबाला यापेक्षा सोपा कायदा कोण देणार? पण त्याला सुरुवातीला एक कागद लागतो, ज्यावर एका डॉक्टरने रोगाचं नाव आणि कामाचं नाव एकाच ओळीत लिहिलेलं असेल. रोग यादीबाहेरचा निघाला, किंवा कागदावर नुसतंच ‘ॲनिमिया’ राहिलं, तर तोच कायदा उलटा फिरतो आणि सगळं ओझं कामगाराच्या डोक्यावर येतं. २१ नोव्हेंबर २०२५ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, जुने कायदे त्यांच्यात गेले. रोगांची यादी मात्र बाडबिस्तरा घेऊन नव्या घरी राहायला आली आहे. तुमच्या ‘सर्व्हिस’ या शब्दाला तिथेही जागा नाही.

आणि हे लिहिणं तुमच्या मर्जीवर कधीच नव्हतं. कारखाने अधिनियम, १९४८, कलम ८९. कारखान्यात काम करणाऱ्या रोग्याला ठरावीक रोगांपैकी एखादा झाला आहे, असं त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला दिसलं किंवा नुसतं वाटलं, तरी त्याने विनाविलंब मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं. यादीत रोग २९. नाही कळवलं तर दंड किती होता? एक हजार रुपयांपर्यंत. तुमच्या कारकिर्दीतली बहुतेक वर्षं याच कलमाखाली गेली. हजार रुपये हे मालकांच्या दृष्टीने चहापाण्याचं बिल. पण तेवढेही तुम्हाला कधी भरावे लागले नाहीत, कारण रोग आहे असं वाटण्यासाठी आधी बघावं लागतं.

पैशाचा हिशेब सांगतो, तुम्हाला आकडे आवडतात. आपला ५० वर्षांचा ऑपरेटर, पगार महिना २४,०००, म्हणजे राज्य कामगार विम्याच्या २१,०००च्या मर्यादेबाहेर. म्हणून त्याचा दावा मालकावर. २०२०पासून कायदा महिन्याला १५,०००च्या वरचा पगार हिशेबात धरतच नाही. त्याआधी तर ८,०००च धरायचा. कायमचा पूर्ण अपंग ठरला तर १५,०००चे ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले वयाचा गुणक १५३.०९. उत्तर १३ लाख ७७ हजार ८१०. मज्जा बदलायची म्हटली तर मोठं इस्पितळ ते संपवायला फार दिवस घेत नाही. पण निदान आकडा आहे. महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर निम्म्यापर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीने मात्र त्याला बोलावून पाच लाखांचा चेक आणि ‘माझी कसलीही तक्रार नाही’ असं लिहिलेला पाचशेचा स्टँपपेपर पुढे केला. असा कागद भरपाईचा हक्क मारू शकत नाही, तो मुळातच रद्दबातल असतो, हे १९२३च्या कायद्याचं कलम १७ शंभर वर्षं सांगत आलं. त्या स्टँपपेपरला जोडलेला वैद्यकीय दाखला कुणाचा, ते तुम्हाला विचारत नाही. शाई ओळखीची आहे.

ठेकेदाराच्या माणसांचं तर विचारूच नका. ठेका बदलला की त्यांचा जन्म नव्याने होतो. कालपर्यंत चार वर्षं गाळ उपसणारा उद्या सकाळी ‘नवीन हेल्पर’ म्हणून तुमच्यापुढे भरतीपूर्व तपासणीला उभा राहतो आणि तुम्ही त्याला ओळख दाखवत नाही. सलग सहा महिने कुठून भरणार? ठेकेदाराच्या माणसाचीही जबाबदारी मूळ मालकावर टाकता येते, कायद्यात ती सोय आहे. फक्त माणूस तिथे होता हे दाखवावं लागतं. तुमच्या वहीत तो असायला हवा होता.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने १८९५ साली सांगितलं की फुक्सीन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी होतात. तेव्हापासून जगाला एक गोष्ट हळूहळू कळत गेली: रंगाच्या मधल्या रसायनांनी होणारा हा रोग सावकाश येतो. पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त. तोवर माणूस नोकरी सोडून गावी शेती करत असतो. आता कायदा बघा. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती दिसली त्या दिवशी अपघात झाला असं धरतात. दोन वर्षं! रोगाला वीस वर्षं लागतात आणि कायदा त्याच्यासाठी दार दोन वर्षं उघडं ठेवतो. तुमच्या मालकांना काही करावंच लागत नाही, फक्त थांबायचं. उशीर झाला तरी ‘पुरेसं कारण’ असेल तर आयुक्त दावा दाखल करून घेऊ शकतात, अशी खिडकी आहे. त्या खिडकीवर उभं राहून आम्ही जे कारण सांगतो ते तुम्हीच, डॉक्टरसाहेब. ‘याला कुणी सांगितलंच नाही.’

माझ्याकडे असा एक माणूस आहे. १९९६ला लागला, रंगाच्या कारखान्यात, फिल्टर प्रेसवर. २०१५ला सोडलं. नोकरीत असतानाच एकदा लघवीतून रक्त गेलं होतं, दुखलं-खुपलं काही नाही. तुम्ही म्हणालात, उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी पी. रक्त थांबलं, धण्याच्या पाण्याने की आपोआप, देव जाणे. २०२१ला पुन्हा सुरू झालं. मुंबईला नेलं तेव्हा गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली होती. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने त्याला विचारलं, काका, काम काय करायचात? त्याने सांगितलं. तिने ते लिहिलं. माझ्या अख्ख्या फायलीत तो एकच कागद असा आहे, आणि तो लिहिणारीला तुमच्या निम्मंही मानधन मिळत नसेल.

याच कहाणीला एक परदेशी शेपूटही आहे. जर्मनीने १९९४मध्ये असे काही अझो रंग कपड्यांत वापरायला बंदी घातली, ज्यांच्यापासून कर्करोग करणारी अमाईन्स सुटतात. १९९७पर्यंत भारत सरकारनेही शंभराहून जास्त अझो रंगांवर बंदी आणली. शर्ट घालणाऱ्या जर्मन माणसाच्या घामाची काळजी घेतली गेली, चांगलंच झालं. शर्टाचा रंग ज्याने फावड्याने ओढला त्याच्या लघवीची तपासणी मात्र तुमच्याकडे होती.

तुमच्या बाजूनेही थोडं बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. तुमचं मानधन दरवर्षी नव्याने ठरतं. ठरवतो तोच एचआर मॅनेजर, ज्याच्या कारखान्यातला रोग तुम्ही सरकारला कळवायचा आहे. एका वर्षात तीन रोगी कळवले तर पुढच्या वर्षी गेटवर तुमची गाडी अडवली जाईल आणि वाढपी बदलावा तसा डॉक्टर बदलला जाईल. मुलीचं मेडिकलचं शिक्षण, पुण्यातला फ्लॅट. हे सगळं मला कळतं. सरकारलाही कळायला हवं होतं; ज्याने पहारा द्यायचा त्याचा पगार चोराच्या खिशातून, ही व्यवस्था तुम्ही केलेली नाही. आणि ज्यांच्याकडे कागद पाठवायचा त्या निरीक्षकांना नव्या संहितेत ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ असं नाव मिळालंय. सुविधा कुणाची, ते नावात दिलेलं नाही.

पण मुंबईत गिरण्यांच्या काळात परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत होते. कापसाच्या तंतूने गिरणी कामगारांची छाती भरते का, हे त्यांनी फुफ्फुसांची मोजमापं घेऊन, पुन्हा पुन्हा घेऊन तपासलं. मोजमाप असल्याशिवाय भरपाईच्या दाराशी कुणी उभं करत नाही, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. सरकारी इस्पितळातली नोकरी होती, मालकाची नव्हती, असं तुम्ही म्हणाल. मान्य. म्हणूनच मी तुमच्याकडे कामत मागत नाही. एक रकाना मागतोय.

डोंबिवलीत २६ मे २०१६ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, २३ मे २०२४ला पुन्हा झाला. दोन्ही वेळा काचा फुटल्या, मंत्री आले, मदत जाहीर झाली. तुमच्या खोलीत जे घडतं त्याने काच तडकतही नाही. म्हणून मंत्री येत नाहीत, त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना आवाजच ऐकू आला नसेल.

तर विनंती अशी. पुढच्या खेपेला आलात की जुनी नोंदवही कपाटातून काढा. एकेका माणसाची सहा-सहा महिन्यांची पानं शेजारी ठेवा. ‘व्यवसाय’च्या रकान्यात प्लांटचं नाव, रसायनाचं नाव, कधीपासून, एवढं लिहा. रसायनाचं नाव कठीण वाटलं तर ड्रमवरचं बघून लिहा, कामगार वाचून दाखवेल. शंका वाटेल त्याचा एक कागद मुख्य निरीक्षकांना आणि त्याची एक प्रत त्या माणसाच्या हातात. काम सोडून गेलेल्यांनाही वर्षातून एकदा बोलवा. गाठ नोकरी सुटल्यावरच मोठी होते. एवढ्याने तुमचं मानधन गेलं तर माझ्याकडे या. तुमचाही दावा लावून देऊ. कारण दाखवायला तुमच्याकडे निदान कागद तरी असतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
कागद लावणारा

ता. क. : फिल्टर प्रेसवरच्या माणसाची नोंदवही मागितली तर कंपनीने कळवलंय की ती २६ जुलै २००५च्या पुरात भिजून नष्ट झाली. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ला ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि त्या उद्योगाला सांगितलं, की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा सोडल्यापासून १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत जपायच्या. तोच हिशेब याला लावला तर २०३६पर्यंत. तुमचा कारखाना ॲस्बेस्टॉसचा नाही, हे कंपनीने दोनदा अधोरेखित करून कळवलंय. असो. पुराचं पाणी मोठं चोखंदळ निघालं. आरोग्याच्या वह्या तेवढ्या भिजल्या, शेजारच्याच कपाटातली उचलीची वही कोरडी राहिली, कारण वसुली बाकी होती. त्या वहीत १९९९ सालात या माणसाच्या नावावर चारशे रुपयांची उचल आहे. कारणाच्या रकान्यात कारकुनाने लिहिलंय: ‘लघवीतून रक्त, दवाखाना.’ खाली तुमची शिफारस आणि सही. ती वही आम्ही दाव्यात दाखल करायला लावली आहे, आणि तुम्हाला साक्षीला बोलावण्याचा अर्जही दिला आहे. साक्षीदाराला जाण्यायेण्याचा भत्ता मिळतो.